आपाचं ‘नक्को’

काम सुरू करण्याआधी आपा डोळे मिटून मान हलवायची. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, अगदी सावकाश. नवीन गिऱ्हाईक हे बघून हमखास घाबरायचं. त्याला वाटायचं, बाई नाही म्हणतेय. खरं तर ती वाऱ्याचा रोख शोधत असायची. दोन्ही कानांत वाऱ्याचा आवाज सारखा झाला, की वारा बरोबर नाकासमोरून येतोय असं समजायचं, हा तिचा हिशेब. तुम्हीही करून बघा, खोटा नाही. रोख सापडला की ती डोळे उघडायची, आणि मग बऱ्याचदा खरोखरच नाही म्हणायची.

“नक्को भैया. आज नक्को.”

संभाजीनगरात आमचं मोजणीचं छोटं ऑफिस आहे. दगडखाणी, शेततळी, कारखान्यांची छतं, असं काय काय आम्ही ड्रोनने फोटो काढून मोजतो. ड्रोन म्हणजे फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. चार पंख्यांचा, किलोभरसुद्धा नसलेला डबा. वारा त्याला कुठेही नेऊ शकतो. तो उडवायला आमच्याकडे चार वर्षं आपा होती. तिचं कागदावरचं नाव वेगळं होतं, पण ते कुणी कधी घेतलं नाही. मीही इथे घेत नाही.

आपा मूळची खुलताबादची. लग्न होऊन शहरात आली ती एका फोटो स्टुडिओवाल्याच्या घरात. शहागंजच्या मागच्या गल्लीत त्यांचा स्टुडिओ. लग्नांमध्ये बायकांच्या बाजूला पुरुष कॅमेरावाला चालायचा नाही, म्हणून नवऱ्याने तिच्या हातात व्हिडिओ कॅमेरा दिला. पुढे नवरा गेला. दीर म्हणाले, स्टुडिओ विकून टाकू. आपा नवऱ्यामागे पाळायच्या इद्दतीचे चार महिने दहा दिवस घरात बसली आणि ज्या सकाळी ते संपले त्या सकाळी तिने जाऊन स्टुडिओचं शटर वर केलं. गल्लीतल्या लोकांनी चहाचे कप हातात धरून ते बघितलं, असं ती सांगायची. “बघू द्या की. शटर लई गंजलं होतं, आवाज पण झाला मोठा.”

पन्नाशी ओलांडल्यावर तिने ड्रोनचा परवाना काढला. वर्गात सगळी विशी-पंचविशीची पोरं. पहिल्या दिवशी नोंदणीच्या टेबलावरच्या माणसाने विचारलं, “सोबत घरचं कोण आलंय?”

“मीच घरची,” आपा म्हणाली.

आमच्याकडे मुलाखतीला आली तेव्हा मी तिला माझ्या मते अगदी सोपा प्रश्न विचारला. “किती वाऱ्यापर्यंत उडवाल?”

“कशावर?”

“म्हणजे?”

“खाली काय हाय? शेत हाय, रस्ता हाय, शाळा हाय? नुस्ता हवेचा आकडा कसा सांगू?”

मला वाटलं, उत्तर येत नाही म्हणून बाई टोलवतेय. तरी घेतलं तिला. त्या वेळी परवानावाली माणसं मिळत नव्हती, हे खरं कारण.

शिकवलं मात्र तिनेच मला. चितेगावला एका कारखान्याच्या छताचं काम होतं. खाली गेटपाशी पान हलत नव्हतं. मी म्हणालो, काय मस्त हवा आहे. आपाने शेजारच्या धुराड्याकडे बोट केलं. धूर थोडा वेळ सरळ वर जात होता आणि मग एका उंचीवर कुणी मुरगळल्यासारखा आडवा होऊन पळत होता.

“जमिनीवरची हवा गोड बोलती, भैया. खरं बोलती ती वरची.”

तिच्या पर्समध्ये वारा मोजायचं एक छोटं मीटर असायचं, बोटभर पंख्याचं. ते हात उंच करून धरायची आणि पुरी पाच मिनिटं बघत राहायची. मी सरासरी लिहून घ्यायला लागलो की वहीवर हात ठेवायची. “सरासरीनं कुणाचं पाडलं नाय आजवर. पाडतो तो झोत. सगळ्यात मोठा झोत किती आला, तेवढंच लिहा.” पत्र्याच्या शेडच्या आडोशाला वारा नसतो असं मला वाटायचं. तिने मूठभर भुसा तिथे उधळून दाखवला. भुसा गरगर फिरला, खाली आपटला, परत वर उठला. “नदीत दगडाच्या मागं पाणी कसं घुमतंय? तसं.”

आणखी एक नियम ती न चुकता पाळायची. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं, म्हणजे बॅटरी संपत आल्यावर येताना वारा पाठीशी असतो. मी एकदा उलटं केलं. वाऱ्यासोबत ड्रोन सुसाट गेला, मला गंमत वाटली, आणि परत आणायला वळवला तर जागचा हलेना. बॅटरीचे आकडे माझ्या डोळ्यांदेखत उतरत होते. आपाने रिमोट माझ्या हातातून काढून घेतला आणि परत आणायचा प्रयत्नसुद्धा न करता तो सरळ खालच्या तुरीत उतरवला. तिथून दीड-दोन किलोमीटर ढेकळांतून चालत जाऊन आणावा लागला. मी कुरकुरलो. ती पुढे चालत म्हणाली, “पायाला काय झालंय? डोक्यात पडला असता कुणाच्या, तर कुठं कुठं चालावं लागलं असतं.”

अशी ही बाई. हट्टी म्हणा हवं तर. आम्ही म्हणायचोच. गिऱ्हाईक गाडी पाठवून आम्हाला न्यायचं, चहा-पोहे व्हायचे आणि आपा मान हलवून डोळे उघडायची. “नक्को” म्हणाली, की आम्ही परत. कधी कधी तासाभराने वारा पडायचा आणि गिऱ्हाईकाचा फोन यायचा, बघा, आता पान हलत नाही. आपा म्हणायची, “मग आता बोलवा. सकाळी आता नव्हतं.”

पैठणच्या सभेच्या दिवशी मात्र प्रकरण हातघाईवर आलं.

मोठ्या मैदानावर एका पुढाऱ्याचा सत्कार होता. उन्हाळ्याचे दिवस, भर दुपार, हजारो माणसं. बायका पुढे बसलेल्या, पोरं खांद्यावर. आयोजकाला गर्दीचं वरून चित्रीकरण हवं होतं. पुढारी मंचावर पाय ठेवताना ड्रोन डोक्यांवरून सरकत यायला हवा होता. असलं काम आम्ही घेत नव्हतो. पण या आयोजकाच्या ओळखीतून मोजणीचं मोठं काम मिळायचं होतं, म्हणून मी हो म्हणून बसलो होतो. आपाला मी सांगितलं होतं, फक्त मैदान दाखवायचं आहे. गर्दीवरून न्यायचं आहे हे तिला तिथे गेल्यावर कळलं.

ती माझ्याकडे एकदाच बघून मीटर घेऊन मैदानाच्या कडेला गेली. मांडवाच्या झालरी एकदम फुगत होत्या, एकदम पडत होत्या. लांब मोकळ्या रानात धुळीचा एक भोवरा उठला आणि विरला. आपा परत आली.

“नक्को.”

आयोजक धिप्पाड माणूस, पांढरे कपडे, घामाघूम झालेला. “नक्को म्हंजी? साहेब दहा मिनिटात येऊ लालेत.”

“झोत लई हाय. आन् खाली माणसं हायेत. हवा नसती तरी मी माणसांवरून नेलं नसतं.”

“ओ मावशी, बाईमाणसाला भ्या वाटत असंल तर तसं सांगा. दुसरं कुणी बघतो.”

आजूबाजूचे चार-पाच कार्यकर्ते हसले. आपाने ओढणी डोक्यावर नीट केली.

“व्हय, भ्या वाटतंय,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “ज्याला वाटत नाय, त्याच्या हातात रिमोट देऊ नका.”

मी मध्ये पडलो. आपाला बाजूला घेऊन म्हणालो, दोन मिनिटांचा प्रश्न आहे, कडेकडेने न्या, उंच ठेवा. तिने पेटीचं झाकण लावलं, कड्या घातल्या आणि पेटीवर बसली. अक्षरशः बसली. पंचावन्न वर्षांची बाई, भर उन्हात, हजारो माणसांसमोर, काळ्या पेटीवर मांडी घालून. ती पेटी तिच्याखालून ओढून काढायची हिंमत कुणाला झाली नाही. मला तर नाहीच.

आयोजकाने कुठून तरी एक पोरगेला लग्नाचा ड्रोनवाला आणला. त्याने उडवला. तुम्हाला वाटत असेल, तो पडला. नाही. डुलला थोडा, एकदा मांडवाच्या खांबाजवळून वाकडा गेला, पण पडला नाही. पुढारी आले, टाळ्या झाल्या, चित्रीकरण झकास झालं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होतं. मोजणीचं काम अर्थातच दुसरीकडे गेलं.

परत येताना गाडीत, बिडकीन मागे पडल्यावर, मी न राहवून म्हणालो, “बघितलंत ना आपा? काही झालं नाही.”

“झालं नाय म्हंजी बरोबर झालं का?”

“तुमच्या असल्या वागण्याने ऑफिस बंद पडेल. वय झालंय तुमचं. हात कापायला लागले की माणूस वाऱ्याचं नाव सांगतो.”

हे मी बोललो. आज लिहिताना वाक्य मवाळ करावंसं वाटलं, पण बोललो ते असंच बोललो.

आपाने दोन्ही हात पुढे धरले, पंजे पसरून. गाडी खड्ड्यांतून चालली होती, तरी ते हात स्थिर होते. मी बघेपर्यंत तिने ते तसेच धरून ठेवले. मग मांडीवर ठेवले आणि खिडकीबाहेर बघत बसली. दुसऱ्या दिवशी पेटी, मीटर, वह्या, ऑफिसची किल्ली, सगळं माझ्या टेबलावर व्यवस्थित मांडून ती निघून गेली. मीटर तिचं स्वतःचं होतं. तेही ठेवून गेली. “तुम्हाला लागंल,” एवढंच म्हणाली.

पुढे कानावर येत होतं. स्टुडिओ चालू आहे. तिने स्वतःचा एक लहान ड्रोन घेतला आहे. रविवारी खुलताबादच्या बाजूला एका माळावर चार-पाच मुलींना शिकवते. मुलींच्या घरच्यांनी आधी कुरकुर केली म्हणे. आपा एकेकीच्या घरी जाऊन चहा पिऊन आली आणि कुरकुर थांबली. मला फोन करावासा वाटायचा. पण काय बोलणार?

त्याच पावसाळ्यात पैठणला पुराचं पाणी आलं. वर पाऊस झालेला, धरणातून पाणी सोडलेलं, गोदावरी दोन्ही काठ सोडून पसरली होती. खालच्या अंगाला शेतात गेलेली तीन माणसं अडकली आहेत, एवढंच कळलं होतं. कुठे, ते नक्की नाही. त्यांचा शेवटचा फोन आला तो तुटक तुटक, आणि मग फोन बंद. बोटीचं पथक तयार होतं, पण पाणी तीन फाट्यांनी चाललं होतं आणि चुकीच्या फाट्यात बोट घातली तर त्या धारेतून परत येणं कठीण. तहसीलच्या एका अधिकाऱ्याने मला ड्रोन घेऊन बोलावलं होतं.

पाऊस उघडला होता. वारा उघडला नव्हता. मी आपाचं मीटर वर धरलं आणि आकडा बघून हात खाली घेतला. वारा नदीच्या दिशेने, खालच्या अंगाला वाहत होता. म्हणजे जाताना पाठीशी, येताना तोंडावर. तिने शिकवलेलं सगळं सांगत होतं, नाही. अधिकारी माझ्या तोंडाकडे बघत होते. अडकलेल्यांपैकी एका बाईचा मुलगा तिथे चिखलात उभा होता, चाळिशीचा माणूस.

मी आपाला फोन लावला. चार महिन्यांनी. तिने “हां भैया” म्हणून उचलला, जणू काल बोललो होतो.

“झोत किती?”

मी सांगितला.

“खाली काय हाय?”

“पाणी. नुसतं पाणी.”

“माणसं?”

“तीच शोधायची आहेत.”

मग ती म्हणाली, “मी पैठणातच हाय. निकाहच्या शूटिंगला आले होते, वरात अडकून पडलीय. पंधरा मिनिटं थांबा.”

ती आली ती लग्नातल्या जरीच्या कपड्यांत, पायात रबरी चपला, काखेत बॅग. बॅगेतून तिने स्वतःचा ड्रोन काढला. माझा शेजारीच होता, तसाच, तेवढाच. मी म्हणालो, “आपा, ऑफिसचा वापरा. तुमचा कशाला?”

“ऑफिसचा नक्को. तो परत आणायचा मोह व्हईल तुम्हाला. अर्ध्यातून वळवाल. हा माझा हाय.”

“पण हा परत येणार नाही.”

“माहीत हाय मला.”

मला तेव्हा कुठे कळलं, की ती तो परत आणायचा म्हणून पाठवतच नाहीये.

ड्रोन उडाला आणि वाऱ्याने त्याला ओढलंच. आपाने अडवलं नाही, फक्त दिशा देत राहिली. पडद्यावर गढूळ पाणी, बुडालेल्या बाभळींचे शेंडे, परत पाणी. पहिला फाटा रिकामा. दुसऱ्यात एका पंपाच्या खोलीच्या छतावर पिवळा प्लॅस्टिकचा कागद फडफडताना दिसला. मग त्याखालून एक हात आला. तीन माणसं होती, आणि दोन शेळ्या. तो मुलगा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. त्याने पडद्याला बोट लावलं आणि “माय” एवढंच म्हणाला.

जागा बोटवाल्यांना कळवली. बोट सुटली. रिमोट केकाटायला लागला, बॅटरी संपत आलीय, यंत्राला परत बोलवा. आपाने ती सूचना बंद केली. बोटवाल्यांना लांबून दिसावा म्हणून तिने ड्रोन त्या खोलीजवळ तसाच उंच तोलून धरला, झोत येतील तसा सावरत. तिचे अंगठे जेमतेम हलत होते. बोटीतून निरोप आला, ड्रोन दिसतोय, खोलीही दिसतेय. बॅटरीत आता नावापुरतं काही उरलं होतं. तेवढ्यात तिने शेवटचं एक काम केलं: ड्रोन छतापासून दूर, धारेच्या मध्यावर नेला. मग पडदा काळा झाला.

“डोक्यावर पडला असता कुणाच्या,” ती म्हणाली आणि रिमोट बॅगेत ठेवला.

तिन्ही माणसं आली. शेळ्या घेणार नाही म्हणून बोटवाले अडले होते. म्हातारीने शेळ्यांशिवाय यायला साफ नकार दिला, म्हणून शेळ्याही आल्या. हे ऐकून आपा इतकी हसली की तिला चिखलातल्या दगडावर बसावं लागलं. मी तिच्याजवळ जाऊन उकिडवा बसलो आणि म्हणालो, “आपा, मी गाडीत बोललो ते...”

“हात बघितले ना आज?”

“बघितले.”

“मग झालं.”

महिनाभराने तिचा सत्कार ठरला. आयोजक तोच, पांढऱ्या कपड्यांचा. माणूस वाईट नव्हता. त्याने स्वतः तिच्या घरी जाऊन बोलावलं. मोकळ्या मैदानावर मंडप, आणि नको तेच: आपाचं नाव पुकारलं तसा गर्दीवरून एक ड्रोन भिरभिरत आला. आयोजक शाल उलगडून उभा. आपा मंचावर चढली, पण त्याच्याकडे न जाता माईककडे गेली.

“पहिलं ते खाली घ्या. मग शाल.”

लोक हसले. त्यांना वाटलं, गंमत करतेय. आपा हसली नाही. माईकपाशी हात बांधून उभी राहिली. हसणं विरलं. ड्रोनवाला आयोजकाकडे बघायला लागला, आयोजक आपाकडे. शाल धरलेले त्याचे हात तसेच पुढे. किती वेळ गेला कोण जाणे, पण तेवढ्या गर्दीत फक्त त्या पंख्यांची घरघर ऐकू येत होती. शेवटी आयोजकाने मान डोलावली आणि ड्रोन मैदानाच्या कडेला उतरला. मग आपाने शाल घेतली, नमस्कार केला आणि खाली आली. भाषण केलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने जोरात टाळ्या वाजवल्या, आणि मग सगळ्यांनी.

ती आमच्याकडे परत आली नाही. मी विचारलं होतं. “पोरी तयार होऊ लालत्या, त्यांना घ्या,” म्हणाली. त्यांतल्या दोघी आता आमच्याकडे आहेत. मला फोनवर मात्र ती वरचेवर मिळायची. एखाद्या जागी वाऱ्याचं काही समजेना झालं की मी तिथूनच लावायचो. कधी खात्री असतानाही लावायचो.

गेल्या हिवाळ्यात असाच एका दगडखाणीवरून लावला. तिच्या मुलीने उचलला. तिचा आवाज ऐकून मी उगाच विचारलं, आपा कामात आहे का. ती म्हणाली, “अम्मी गेली, भैया. सकाळी. झोपेतच. दफन खुलताबादलाच हाय.”

मी फोन खिशात ठेवला. खाणीवर सगळे खोळंबले होते. खाणवाला म्हणाला, साहेब, हवा बघा किती छान आहे. होतीच. लांबच्या लिंबाचा शेंडासुद्धा हलत नव्हता. असा दिवस वर्षातून पाच-सहाच वेळा मिळतो.

मी ड्रोन पेटीतून काढला नाही. खाणवाल्याने दोनदा कारण विचारलं. सांगितलं नाही. पेटी गाडीत ठेवली आणि खुलताबादचा रस्ता धरला.